गेटवेमार्गे आतल्या सर्व्हरपर्यंत: एसएसएच जंप होस्ट नव्याने वापरणाऱ्यांसाठी

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गाची गाडी पकडून ऐरोली, रबाळे, घणसोली किंवा कोपरखैरणेला उतरणाऱ्या आणि तिथल्या कार्यालयांत सर्व्हर सांभाळण्याच्या कामावर रुजू होणाऱ्या मुलामुलींना पहिल्याच आठवड्यात एक वाक्य ऐकायला मिळते: "सर्व्हरवर थेट जाता येणार नाही, आधी जंप होस्टवर जा." एसएसएच म्हणजे दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे लॉगिन करण्याची सोय, आणि जंप होस्ट म्हणजे बाहेरून आत जाताना लागणारे मधले यंत्र, ज्याला येथे गेटवे म्हटले आहे. पण या वाक्याचा अर्थ सहसा कोणी बसून समजावत नाही. मग जो तो आपापल्या परीने मार्ग काढतो. गेटवेवर लॉगिन करतो, तिथून पुढच्या सर्व्हरवर दुसरे लॉगिन करतो, प्रत्येक वेळी पासवर्ड टंकण्याचा कंटाळा आला की आपली खासगी किल्ली, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणारी गुप्त फाइल, उचलून गेटवेवर नेऊन ठेवतो, आणि काम होत असल्यामुळे तीच रीत योग्य आहे असे धरून चालतो. ती रीत योग्य नाही. गेटवेतून पलीकडे जायचे असते. तिथे थांबायचे नसते आणि मागे काही ठेवायचेही नसते. हे कसे साधायचे, ते या लेखात पायरीपायरीने सांगितले आहे.

आरंभी लेखनाविषयी एक खुलासा. येथे सर्व आज्ञा देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टंकायच्या आहेत, आणि जिथे मोठे अक्षर आवश्यक आहे तिथे तसे सांगितले आहे. उदाहरणांत गेटवेचा पत्ता २०३.०.११३.१० आणि आतल्या सर्व्हरचा पत्ता १०.२०.०.१५ असा धरला आहे. यातला पहिला पत्ता केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गटातला आहे, म्हणून तो तसाच्या तसा वापरून पाहू नये.

मधले दार कशासाठी

महाप्याच्या किंवा रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या मोठ्या आवारात शिरताना आपण एकाच फाटकातून जातो. फाटकाशी चौकी असते, रजिस्टरमध्ये नाव आणि वेळ लिहून घेतली जाते, आणि आत दहा इमारती असल्या तरी त्यांपैकी एकीचेही दार थेट रस्त्यावर उघडत नाही. कंपनीच्या अंतर्गत नेटवर्कची रचना अशीच असते. आतल्या सर्व्हरना खासगी पत्ते दिलेले असतात. '१०' ने सुरू होणारे, '१७२.१६' पासून '१७२.३१' पर्यंतचे आणि '१९२.१६८' ने सुरू होणारे पत्ते अशा वापरासाठी राखीव आहेत, आणि १९९६ मध्ये आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने ही विभागणी पक्की केली. हेच पत्ते हजारो कार्यालयांत आणि घरांत एकाच वेळी वापरात असल्यामुळे इंटरनेटवरून त्यांच्यापर्यंत वाट जात नाही, आणि घरी बसून १०.२०.०.१५ ला कितीही हाका मारल्या तरी आपल्याला हव्या असलेल्या सर्व्हरचे उत्तर येत नाही.

गेटवेचा एक पाय बाहेर आणि एक आत असतो. त्याला सार्वजनिक पत्ता असतो आणि आतले नेटवर्कही दिसते. एसएसएचचे ठरलेले पोर्ट, म्हणजे यंत्रावरचे क्रमांकित दार, २२ आहे, आणि हे पोर्ट उघडे ठेवून इंटरनेटवर उभा केलेला कोणताही सर्व्हर पाहिला, तर थोड्याच वेळात त्याच्या लॉगमध्ये अनोळखी पत्त्यांवरून पासवर्ड आजमावल्याच्या नोंदी दिसू लागतात. पन्नास सर्व्हर असे उघड्यावर ठेवून प्रत्येकाची राखण करण्यापेक्षा एकाच यंत्राची डोळ्यांत तेल घालून राखण करणे शक्य असते, आणि कोण केव्हा आत गेले याची नोंदही एकाच ठिकाणी मिळते.

एसएसएच हा प्रोटोकॉल मुळात पासवर्ड चोरीतूनच जन्माला आला. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरून वाचले गेल्यानंतर तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी तो तयार केला. तोपर्यंत टेलनेटसारख्या साधनांतून पासवर्ड उघड्या अक्षरांत प्रवास करत असे. आज आपण जो बहुधा वापरतो तो ओपनएसएसएच हा संच ओपनबीएसडी प्रकल्पातून १९९९ मध्ये बाहेर आला.

दोन लॉगिन की एकच वाट

गेटवेवर लॉगिन करून तिथून पुढच्या सर्व्हरवर एसएसएच करणे ही जुनी रीत आहे. तिच्यात तीन दोष आहेत, आणि त्यांतला पहिला सर्वांत गंभीर आहे. पुढचे लॉगिन गेटवेवरच्या एसएसएच प्रोग्रॅमकडून होत असल्यामुळे तुम्ही टंकलेला प्रत्येक पासवर्ड आणि प्रत्येक आज्ञा त्या यंत्राच्या स्मृतीत उघड्या रूपात येते. गेटवे कोणी काबीज केला, तर त्याच्या हाती केवळ गेटवे लागत नाही, तर तिथून पुढे जाणाऱ्या प्रत्येकाचे रहस्य लागते. दुसरा दोष असा, की पुढे जाण्यासाठी किल्ली गेटवेवर ठेवण्याचा मोह होतो. तिसरा दोष वरकरणी किरकोळ वाटतो: आपण नेमके कोणत्या यंत्रावर आहोत याचे भान सुटते.

हा तिसरा दोष मी स्वतः अनुभवला आहे. नवखा असताना एका संध्याकाळी, मी आतल्या सर्व्हरवर आहे असे समजून रीबूटची आज्ञा दिली. प्रत्यक्षात आतले सत्र मघाशीच तुटले होते आणि मी गेटवेवर परतलो होतो. रीबूट झाला तो गेटवे, आणि त्या क्षणी त्यातून काम करणाऱ्या सगळ्या सहकाऱ्यांची सत्रे एकदम तुटली. प्रॉम्प्टवर यंत्राचे नाव लिहिलेले होते आणि मी ते वाचले नव्हते, ही माझी चूक होती. पण गेटवेवर सामान्य कर्मचाऱ्याला रीबूटचा अधिकार असता कामा नये, ही गोष्ट त्या कार्यालयालाही त्या दिवशीच उमगली. गेटवेवर उतरण्याची गरजच नसती, तर दोन्ही चुकांना वाव मिळाला नसता.

योग्य रीतीत तुमचा संगणक गेटवेशी एक एन्क्रिप्टेड जोडणी करतो आणि त्याला एवढीच विनंती करतो, की आतल्या अमुक पत्त्याच्या पोर्ट २२ पर्यंत मला एक नळी जोडून दे. त्या नळीतून तुमचा संगणक आतल्या सर्व्हरशी दुसरी, स्वतंत्र एन्क्रिप्टेड जोडणी करतो. एका लिफाफ्यात दुसरा मोहोरबंद लिफाफा घालून पाठवावा, बाहेरचा लिफाफा फाटकावर उघडला जावा आणि आतला मात्र ज्याच्या नावाचा आहे त्याच्याच हाती फुटावा, तशी ही व्यवस्था आहे. तुम्ही कोण आहात, कोणत्या सर्व्हरकडे गेलात आणि केव्हा, हे गेटवेला कळते. आत काय टंकलेत, हे कळत नाही.

पहिली पायरी: तयारी

आपल्या संगणकावर ओपनएसएसएचची कोणती आवृत्ती आहे ते आधी पाहावे. पुढील आज्ञेतला व्ही मोठा आहे.

एसएसएच -व्ही

ज्या पर्यायावर हा लेख उभा आहे तो 'प्रॉक्सीजंप' ओपनएसएसएचच्या ७.३ या आवृत्तीत, २०१६ मध्ये आला. लिनक्स आणि मॅकवर आज त्याहून जुनी आवृत्ती क्वचितच आढळेल; विंडोज १० मध्येही २०१८ पासून ओपनएसएसएचचा क्लायंट अंगभूत येतो, त्यामुळे वेगळे सॉफ्टवेअर घेण्याची गरज सहसा पडत नाही.

त्यानंतर किल्लीजोडी, म्हणजे कार्यालयीन बोलीतली 'की पेअर', तयार करावी.

एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९

ही आज्ञा दोन फाइली बनवते. एक खासगी किल्ली, आणि नावाच्या शेवटी 'डॉट पब' असलेली सार्वजनिक किल्ली. आज्ञा पासफ्रेज, म्हणजे किल्ली उघडण्याचा पासवर्ड, विचारते, तेव्हा नुसते एंटर दाबून पुढे जाऊ नये. लॅपटॉप लोकलमध्ये राहिला किंवा चोरीला गेला, तर किल्ली आणि चोर यांच्यामध्ये पासफ्रेजच उभी असते. सार्वजनिक किल्ली कोणालाही देता येते आणि तीच प्रशासकाकडे पाठवायची असते. खासगी किल्ली ईमेलने, व्हॉट्सॲपने किंवा पेनड्राइव्हवर घालून कुठेही जाता कामा नये, आणि कोणी वरिष्ठाने मागितली तरी देऊ नये. खऱ्या कामासाठी ती कोणालाच लागत नाही.

प्रशासकाकडून चार गोष्टी मागून घ्याव्यात: गेटवेचा पत्ता, गेटवेवरचे तुमचे वापरकर्तानाव, आतल्या सर्व्हरचा पत्ता आणि तिथले वापरकर्तानाव. ही दोन नावे पुष्कळदा वेगळी असतात. पाचवी गोष्ट बहुतेक जण मागत नाहीत, पण ती आवर्जून मागावी: दोन्ही यंत्रांच्या होस्ट-कीचे, म्हणजे यंत्राची स्वतःची ओळख पटवणाऱ्या किल्लीचे, फिंगरप्रिंट, म्हणजे तिची छोटी खूण. आणि आपली सार्वजनिक किल्ली दोन्ही ठिकाणी, म्हणजे गेटवेवर आणि आतल्या सर्व्हरवर, नोंदवली गेली आहे याची खात्री करून घ्यावी. गेटवेवर नोंदवली की पुढचे सगळे आपोआप होते, असा समज मी अनेक नवागतांमध्ये पाहिला आहे. दोन्ही जोडण्या स्वतंत्र असल्यामुळे ओळखपत्रही दोन्हीकडे दाखवावे लागते.

दुसरी पायरी: आधी फक्त गेटवे

थेट आत जाण्याचा प्रयत्न करण्याआधी गेटवेपर्यंतची वाट एकदा एकटीच तपासावी. दोन अडचणी एकत्र सोडवण्यापेक्षा एकेक सोडवणे सोपे असते.

एसएसएच सविता@२०३.०.११३.१०

पहिल्याच वेळी टर्मिनल सांगते, की या यंत्राची सत्यता पटवता आलेली नाही. मग 'एसएचए२५६' ने सुरू होणारी अक्षरांची एक लांब ओळ दाखवून पुढे जायचे का असे विचारते. येथे डोळे मिटून 'येस' टंकण्याची सवय आपल्या सर्वांना लागलेली आहे, आणि ती मोडायला हवी. ही ओळ प्रशासकाने दिलेल्या फिंगरप्रिंटशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावी. हा पडताळा एकदाच करावा लागतो, कारण त्यानंतर ती ओळख तुमच्या संगणकावरच्या 'नोन होस्ट्स' या फाइलमध्ये नोंदली जाते. पुढे कधी 'होस्ट ओळख बदलली आहे' असा मोठ्या अक्षरांतला इशारा आला, तर ती फाइल पुसून मोकळे होण्याआधी प्रशासकाला विचारावे. सर्व्हर नव्याने उभारला असेल तर तसे तो सांगेल. नसेल, तर मध्ये कोणीतरी उभे असण्याची शक्यता आहे.

तिसरी पायरी: गेटवेतून आत

आता खरी आज्ञा. यातला जे मोठा आहे, आणि वर सांगितलेला 'प्रॉक्सीजंप' तो हाच.

एसएसएच -जे सविता@२०३.०.११३.१० डिप्लॉय@१०.२०.०.१५

आधी गेटवे, मग मुक्कामाचे ठिकाण, असा क्रम आहे. फिंगरप्रिंटचा प्रश्न आता पुन्हा येईल, आणि तो आतल्या सर्व्हरबद्दल असेल. मध्ये दोन गेटवे असल्यास 'जे' नंतर दोन्ही पत्ते स्वल्पविरामाने जोडून लिहावेत, मात्र स्वल्पविरामापुढे रिकामी जागा सोडू नये.

आतल्या सर्व्हरचा पत्ता आकड्यांऐवजी नावाने दिला, तर त्या नावाचा अर्थ तुमच्या संगणकावर नव्हे, तर गेटवेवर लावला जातो. म्हणून घरून जे नाव तुमच्या संगणकाला मुळीच माहीत नसते, तेही गेटवेमार्गे बिनबोभाट चालते.

चौथी पायरी: कॉन्फिग फाइल

ही लांब आज्ञा रोज टंकणे हे कष्टाचे आहे आणि चुकांनाही आमंत्रण देणारे आहे. होम फोल्डरमधल्या 'डॉट एसएसएच' या फोल्डरात 'कॉन्फिग' नावाची साधी मजकूर फाइल करून तिच्यात असे लिहावे:

होस्ट गेट
    होस्टनेम २०३.०.११३.१०
    यूझर सविता
    आयडेंटिटीफाइल ~/.एसएसएच/आयडी_ईडी२५५१९

होस्ट ॲप१
    होस्टनेम १०.२०.०.१५
    यूझर डिप्लॉय
    आयडेंटिटीफाइल ~/.एसएसएच/आयडी_ईडी२५५१९
    प्रॉक्सीजंप गेट

यानंतर 'एसएसएच ॲप१' एवढे टंकले की पुरते. फाइली इकडून तिकडे नेणारी एससीपी आणि एसएफटीपी ही साधने, तसेच आरसिंकही, हीच फाइल वाचतात, त्यामुळे 'एससीपी अहवाल.टीएक्सटी ॲप१:/टीएमपी/' अशी आज्ञा दिली तरी फाइल गेटवेवर न ठेवता सरळ आत पोहोचते. गेटवेच्या डिस्कवर ग्राहकांच्या माहितीच्या विसरलेल्या प्रती साचत जाण्याचा प्रकार यामुळे आपोआप बंद होतो.

या फाइलविषयी काही गोष्टी मी सविस्तर सांगतो, कारण नवागतांचा सर्वाधिक वेळ येथेच जातो. आज्ञेच्या ओळीवर दिलेले पर्याय मुक्कामाच्या सर्व्हरला लागू होतात, मधल्या गेटवेला होत नाहीत. कोणी 'आय' या पर्यायाने विशिष्ट किल्ली दिली आणि तरीही गेटवे 'परमिशन डिनाइड' म्हणत राहिला, तर गोंधळून जाऊ नये; ती किल्ली गेटवेला दाखवलीच गेलेली नसते. गेटवेसाठीचे सारे काही कॉन्फिग फाइलमध्येच लिहावे लागते. दुसरे असे, की ही फाइल वरून खाली वाचली जाते आणि प्रत्येक गोष्टीची जी किंमत प्रथम सापडते तीच ग्राह्य धरली जाते. म्हणून 'होस्ट' पुढे तारांकन लिहून केलेला सर्वांसाठीचा विभाग नेहमी शेवटी ठेवावा. तारांकनाचाच आणखी एक धोका आहे. आतल्या सर्व सर्व्हरना एकदम लागू व्हावे म्हणून लिहिलेल्या नमुन्यात गेटवेचे स्वतःचे नावही बसत असेल, तर गेटवेकडे जाण्यासाठी गेटवेतूनच जा, असा चक्राकार आदेश तयार होतो. तसे होऊ नये म्हणून गेटवेच्या विभागात, जो वर असायला हवा, 'प्रॉक्सीजंप नन' अशी ओळ घालावी.

खासगी किल्लीच्या फाइलची परवानगी ६०० आणि 'डॉट एसएसएच' फोल्डरची ७०० असावी, म्हणजे ती दोन्ही फक्त मालकालाच उघडता येतात. किल्ली इतरांना वाचता येत असेल, तर एसएसएच ती वापरायलाच नकार देते.

एजंट फॉरवर्डिंगबद्दल

इंटरनेटवरच्या अनेक जुन्या सूचनांत मोठा ए हा पर्याय वापरून एजंट फॉरवर्डिंग सुरू करण्याचा सल्ला सापडतो. एजंट म्हणजे तुमच्या संगणकावर उघडलेली किल्ली स्मृतीत धरून ठेवणारा प्रोग्रॅम. फॉरवर्डिंग सुरू केले की किल्ली गेटवेवर जात नाही हे खरे, पण तिने सही करून घेण्याची सोय तिथे उपलब्ध होते. आणि गेटवेवर ज्याच्याकडे रूटचा, म्हणजे सर्वोच्च प्रशासकाचा, अधिकार आहे तो, तुमचे सत्र चालू असेपर्यंत, तुमच्या नावाने त्या सहीचा वापर करून कोणत्याही सर्व्हरवर जाऊ शकतो. चौकीदाराला किल्ल्यांचा जुडगा दिला नाही, पण मी येथे असेपर्यंत माझा हात धरून कोणतेही कुलूप उघड असे सांगितले, तर त्यातून जितकी सुरक्षा मिळेल तितकीच येथे मिळते. प्रॉक्सीजंप वापरल्यावर दोन्ही सह्या तुमच्याच संगणकावर होतात, म्हणून केवळ आत जाण्यासाठी एजंट फॉरवर्डिंगची गरजच उरत नाही. कार्यालयाच्या जुन्या सूचनापत्रात तसे लिहिले असेल, तर ते बदलून घेण्याचा आग्रह नवख्या कर्मचाऱ्यानेही धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

डेटाबेसपर्यंतची वाट

केवळ टर्मिनल नव्हे, तर इतर जोडण्याही याच वाटेने नेता येतात. समजा ॲप१ वर पोस्टग्रेसचा डेटाबेस त्याच्या नेहमीच्या ५४३२ या पोर्टवर चालू आहे आणि तो तुमच्या लॅपटॉपवरच्या प्रोग्रॅममधून पाहायचा आहे. यातला एल मोठा आहे.

एसएसएच -एल ५४३३:लोकलहोस्ट:५४३२ ॲप१

येथे 'लोकलहोस्ट' म्हणजे तुमचा लॅपटॉप नव्हे, तर ॲप१ स्वतः, कारण त्या शब्दाचा अर्थ पलीकडच्या टोकाला लावला जातो. हे सत्र उघडे असेपर्यंत लॅपटॉपवरचे ५४३३ हे पोर्ट आतल्या डेटाबेसशी जोडलेले राहते.

अडले तर

एसएसएचच्या आज्ञेत 'व्ही' हा लहान अक्षरातला पर्याय घातला की ती प्रत्येक पाऊल सांगत जाते. तरी बहुतेक वेळा त्रुटीचा संदेश नीट वाचला तरी पुरते. 'परमिशन डिनाइड' च्या ओळीआधी वापरकर्ता आणि यंत्र यांचे नाव असते. त्यावरून नकार गेटवेने दिला की आतल्या सर्व्हरने, हे लगेच कळते. 'ॲडमिनिस्ट्रेटिव्हली प्रोहिबिटेड' असे दिसले, तर गेटवेने तुम्हाला ओळखले आहे, पण नळी जोडून देण्यास नकार दिला आहे. त्याच्या सेटिंगमध्ये 'अलाऊटीसीपीफॉरवर्डिंग' बंद असेल किंवा 'परमिटओपन' च्या यादीत तुमचा सर्व्हर नसेल. हे काम प्रशासकाचे आहे. 'कनेक्ट फेल्ड' असे आले, तर बहुधा गेटवेपासून आतल्या सर्व्हरपर्यंतच्या वाटेत फायरवॉल आहे किंवा पत्ता चुकला आहे.

एक संदेश मात्र प्रत्येकाला बुचकळ्यात टाकतो: 'कनेक्शन क्लोज्ड बाय अननोन पोर्ट ६५५३५'. असे पोर्ट आपण कुठेच लिहिलेले नसते आणि ते शोधत बसण्यात अर्थ नाही. आतली जोडणी नळीतून होत असल्यामुळे एसएसएचला पलीकडच्या यंत्राचा पत्ता आणि पोर्ट दिसत नाही, म्हणून ती असे नाममात्र आकडे छापते. खरे कारण त्या ओळीच्या वरच्या ओळीत असते.

पावसाळ्यात घोडबंदर रोडवरच्या किंवा कळव्यातल्या घरून काम करताना वीज आणि इंटरनेट दोन्ही दगा देतात आणि टर्मिनल गोठून बसते. खिडकी बंद करण्याऐवजी एंटर, मग तरंगाकृती टिल्डचे चिन्ह आणि मग पूर्णविराम हे एकामागून एक दाबावे. अडकलेले सत्र तुटते. नुसते निष्क्रिय राहिल्यामुळे जोडणी तुटत असेल, तर कॉन्फिगमध्ये 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६०' लिहिल्याने दर साठ सेकंदांनी एक छोटी विचारणा होत राहते. आणि तासभर चालणारे काम असेल, तर ते टीमक्समध्ये, म्हणजे जोडणी तुटली तरी टर्मिनलचे सत्र जिवंत ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, सुरू करावे, तेही आतल्या सर्व्हरवर, गेटवेवर नव्हे, म्हणजे जोडणी तुटली तरी काम चालू राहते आणि पुन्हा जोडून घेता येते.

लॅपटॉप बदलला, हरवला किंवा प्रकल्प सोडला, तर त्याच दिवशी प्रशासकाला कळवून जुनी सार्वजनिक किल्ली दोन्ही ठिकाणांहून काढून घ्यावी. ती केवळ गेटवेवरून काढली जाते आणि आतल्या सर्व्हरच्या 'ऑथोराइज्ड कीज' या, नोंदवलेल्या किल्ल्यांच्या, फाइलमधली ओळ वर्षानुवर्षे तशीच राहते, असे पुष्कळदा घडते. म्हणून ती ओळ गेल्याचे प्रशासकाकडून लेखी कळेपर्यंत विचारत राहावे.